झॅक, नीट टाटाही केला नाहीस!

रिटायरमेंट म्हटली की आपल्याला सचिनचीच आठवते. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, ओले डोळे, पिचला नमस्कार. झहीर खानला यातलं काहीच मिळालं नाही. १५ ऑक्टोबर २०१५ ला त्याने जाहीर करून टाकलं, दिवसाला अठरा-अठरा ओव्हर्सचा भार आता खांद्याला झेपणार नाही. बस्स! पुण्यातल्या ऑफिसात ते वाचलं आणि मी नायगावला भावाला फोन लावला. 'संपलं की रे आपलं!' तो म्हणाला.

आपलं? हो, आपलंच. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं, हैदराबाद रोडवरचं तालुक्याचं गाव. झहीरचं श्रीरामपूरही तालुक्याचंच. मुंबईचे बॅट्समन आम्ही ढिगाने पाहिले होते. पण इंजिनिअरिंगची वाट सोडून फास्ट बोलर व्हायला निघालेला तालुक्याचा पोरगा? तो पहिल्यांदाच दिसला. मी डावरा, त्यामुळे टेनिस बॉल टाकतानाही झहीरसारखी उंच उडी मारायचो. (उजव्या हाताचे पण मारायचे, तो भाग वेगळा.)

२३ मार्च २००३. वर्ल्ड कप फायनल, झहीरची पहिली ओव्हर, १५ रन्स. एरवी हमखास जाणारी लाइट नेमकी तेव्हा गेली नाही.

पुढे तो टीमबाहेर गेला. २००६ मध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, ७८ विकेट्स काढल्या आणि वेगळाच बोलर होऊन परतला. रन-अप छोटा, डोकं मोठं. २००७ ला ट्रेंट ब्रिजवर नऊ विकेट्स. आणि २ एप्रिल २०११! पहिल्या पाच ओव्हर्स, त्यात तीन मेडन, सहा रन्स, एक विकेट. नंतर मार खाल्ला, ते सोडा हो. त्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट्स होत्या त्याच्या. तो थांबला तेव्हा टेस्टमध्ये ३११ होत्या. भारतीय फास्ट बोलर्समध्ये पुढे फक्त कपिल.

आयपीएल तो २०१७ पर्यंत खेळला, पण चार ओव्हर्सचं काय एवढं?

मला सलतं ते वेगळंच. नोकरी लागल्यावर सुट्टीला गावी गेलो की मीही ग्राउंडवर टाकायचो. मग सुट्ट्या कमी झाल्या, ग्राउंडवर नवी पोरं आली. माझा शेवटचा बॉल कोणता, कुणाला टाकला, काही आठवत नाही. तेव्हा शेवटचा आहे, हे माहीत असायला हवं ना!

झहीरचं थोडं तसंच झालं. त्याची शेवटची टेस्ट फेब्रुवारी २०१४ ची, वेलिंग्टनची. लोकांना आठवतं ते मॅक्युलमचं त्रिशतक. त्याच इनिंगमध्ये पस्तिशीतल्या झहीरने ५१ ओव्हर्स टाकल्या, १७० रन्स दिल्या, पाच विकेट्स काढल्या. स्कोअरकार्ड उघडून बघा. मॅक्युलम, झे. धोनी, गो. झहीर, ३०२.