फातिमा शेख यांची जन्मतारीख

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात चार संगणक आहेत, त्यातले दोन चालतात. २०२४ च्या डिसेंबरात नववीच्या सहा मुलींना मी तिथे बसवलं आणि फातिमा शेख यांच्यावर मिळून एक लेख लिहायला सांगितलं. निमित्त ३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीचं. गुगल डॉक्समध्ये एकच फाइल उघडली आणि सहाही जणींना त्यात लिहायची परवानगी दिली. नियम एकच: प्रत्येक वाक्यापुढे कमेंट टाकायची, हे मला कुठे मिळालं.

पहिल्या दिवशी दोन पानं भरली. दुसऱ्या दिवशी भांडण. एकीने लिहिलं होतं, जन्म ९ जानेवारी १८३१. दुसरीने कमेंट टाकली, ‘कशावरून?’ उत्तर आलं, ‘सगळीकडे आहे.’ तेही खरंच. २०२२ साली याच तारखेला गुगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं.

मी त्यांना विकिपीडियावर नेलं. तिथला लेख सगळेच वाचतात; वरचं ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ सहसा कोणी उघडत नाही. कुठली ओळ कधी आली, कोणत्या सदस्याने बदलली, वाद कशावरून झाला, याची नोंद तिथे राहते. मुली तासभर त्यात रमल्या. मग तारखेचा माग काढत निघाल्या. एक संकेतस्थळ दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं, दुसरं तिसऱ्याकडे. मूळ कागद कुठेच नव्हता.

ग्रंथपाल मॅडमनी कपाटातून डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ काढून दिलं. त्यात १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आहे. आजारपणामुळे नायगावला माहेरी गेलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात. आपल्या मागे फातिमाला त्रास होत असेल ही काळजी त्यात आहे आणि ती तक्रार करणार नाही हा विश्वासही. मुलींनी त्या पानाचा फोटो काढून फाइलमध्ये लावला.

मग ठरलं: मूळ कागद सापडला ते वाक्य हिरवं, नुसतं इतरांनी सांगितलेलं ते पिवळं. जन्मतारीख पिवळी झाली. उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घर दिल्याची गोष्टही पिवळी. हिरवं फारच थोडं उरलं. एक मुलगी चिडून म्हणाली, “सर, आधीच आपल्या लोकांबद्दल पुस्तकात दोन ओळी असतात. त्याही आपणच खोडायच्या का?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. ती तारीख मी स्वतः कित्येक व्यासपीठांवरून ठणकावून सांगितली होती. शेवटी म्हणालो, “बेटा, हदीस सांगताना आपण काय करतो? कोणी कोणाकडून ऐकलं, ती सगळी साखळी सांगतो. साखळी तुटली असेल तर हदीस कमजोर ठरते, मग ती कितीही आवडती असो. आपल्याच घरातली ही रीत फातिमा शेख यांच्यासाठी सोडायची का?” ती गप्प बसली. पटलं होतं असं नाही.

लेख भिंतीवर लागला. आठवडाभरात, जानेवारी २०२५ मध्ये, एका पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. दिवसभर तेच फॉरवर्ड फिरत राहिलं. शिक्षकांच्या खोलीतही कुणी तरी विचारलं, “म्हणजे त्या नव्हत्याच का?” बोलता बोलता बाईंच्या अस्तित्वावरच शिंतोडे उडाले.

मधल्या सुट्टीत तीच चिडलेली मुलगी ग्रंथालयात आली. संगणकावर फाइल उघडून तिने पिवळ्या ओळी बाजूला सारल्या आणि पत्राचं पान पुढे केलं. “सर, हे १८५६ चं आहे. हे रचणारा तेव्हा कुठे होता?” मग तिनेच प्रिंट काढून शिक्षकांच्या खोलीत नेऊन दिली.

आम्ही जन्मतारखेलाच पुरावा मानून बसलो असतो, तर त्या दिवशी आमच्या हातात काहीच उरलं नसतं. मुलांना एकाच फाइलमध्ये लिहायला लावलं की काम लवकर होतं, असं प्रशिक्षणात सांगतात. आमचं काम उलट लांबलं. पण ‘कशावरून?’ विचारणारी मैत्रीण त्याच पानावर बसली होती, म्हणूनच ते टिकलं.

भिंतीवरच्या त्या लेखात अजूनही पहिली ओळ आहे: ‘जन्मतारीख: पुरावा सापडलेला नाही. शोध चालू आहे.’