मोत्या निघाला लंडनला!

दोस्तांनो, आज एक कोडे घालतो. मुंबईहून लंडनला विमानाने जायला साधारण नऊ-दहा तास लागतात. मग तोच प्रवास करायला तुमच्या मोत्याला चार महिने का लागतात?

तो काही पोहत जात नाही! तोही विमानानेच जातो. पण विमानात बसायची परवानगी मिळेपर्यंत त्याला एकामागून एक परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यांतली एकही चुकवता येत नाही.

समजा, आईची किंवा बाबांची बदली लंडनला झाली. घरात बांधाबांध सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, शाळेचा दाखला अशी धावपळ चालते. मोत्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "त्याचं बघू नंतर." इथेच घोटाळा होतो. कारण घरातल्या सगळ्यांत आधी ज्याची तयारी सुरू व्हायला हवी, तो मोत्याच!

ब्रिटन एवढे का घाबरते?

कारण आहे रेबीज. कुत्रा पिसाळतो तो या रोगामुळे. आपल्याकडे आजही दरवर्षी हजारो माणसे या रोगाने दगावतात. ब्रिटन हे बेट. चारी बाजूंनी समुद्र. तिथल्या लोकांनी १८९७ साली कडक नियम केले आणि १९०२ पर्यंत रेबीज देशातून हद्दपार केला. पण पहिले महायुद्ध संपता संपता, १९१८ साली तो पुन्हा आला. युद्धावरून परतताना चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला, असे मानतात. त्याला पुन्हा घालवायला १९२२ साल उजाडले.

तेव्हापासून नियम असा होता, की परदेशातून आलेल्या कुत्र्या-मांजरांना सहा महिने वेगळे ठेवायचे. याला म्हणतात क्वारंटाइन. हा शब्द मूळचा इटलीतला. चाळीस दिवस असा त्याचा अर्थ. प्लेगच्या काळात व्हेनिस बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवत, त्यावरून तो आला. ब्रिटनमध्ये मात्र चाळीस दिवस नव्हे, तब्बल सहा महिने! पिंजऱ्याच्या जाळीपलीकडून मालकाची भेट, एवढंच काय ते सुख.

सन २००० मध्ये काही देशांतल्या प्राण्यांसाठी हा नियम सैल झाला. भारतासारख्या देशांतून येणाऱ्यांची सहा महिन्यांची कैद संपली ती २०१२ साली. पण एका अटीवर. वाट बघायचीच, फक्त ती आपल्या घरी, आपल्या माणसांत बघायची!

कॅलेंडर घ्या, तारखा मांडा

पहिली पायरी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते ती. डॉक्टर सुईने ती खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. यंत्र जवळ धरले की पंधरा आकडी नंबर दिसतो. हेच मोत्याचे कायमचे नाव.

दुसरी पायरी रेबीजची लस. इथे क्रम महत्त्वाचा. आधी चिप, मग लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत. का? कारण टोचलेला मोत्या हाच, याला पुरावा काय?

तिसरी पायरी, लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्ताची तपासणी. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हावी लागते. लसीमुळे अंगात रोगाशी लढणारी शक्ती तयार झाली का, हे त्यात कळते. पास व्हायला एका मिलिलिटरमागे निदान ०.५ युनिट इतके मार्क हवेत. नापास झाला तर पुन्हा लस, पुन्हा तपासणी.

आणि पास झाला तरी चौथी पायरी उरतेच. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. लसीच्या आधीच एखाद्या कुत्र्याच्या अंगात रोग शिरलेला असेल, तर तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ म्हणून ही मुदत.

आता करा हिशेब. १ जूनला चिप आणि लस. १ जुलैला रक्त. तिथून तीन महिने म्हणजे १ ऑक्टोबर. सुटलं ना कोडं?

शेवटच्या दिवसांत गडबड फार. आरोग्याचा सरकारी दाखला प्रवासाच्या आधी दहा दिवसांच्या आत घ्यायचा. लंडनला पोहोचण्याआधी १ ते ५ दिवसांत डॉक्टरांकडून जंताचे औषध द्यायचे. (मांजरांना ही सक्ती नाही.) शिवाय मोत्याच्या आणि तुमच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही. पडले तर त्याला विक्रीचे नियम लागू होतात!

टेप घ्या आणि मोजा

हे काम मात्र तुम्ही मुलांनी करायचं. मोत्याला उभा करा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा. त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवा. झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की पिंजऱ्याची रुंदी. उभा असताना डोके किंवा कान, जे उंच असेल तिथवरची उंची, ती पिंजऱ्याची उंची. खाली अंथरूण घालणार असाल तर तेवढी वाढवा.

लांबी ६० सेंटिमीटर आणि कोपर २४ वर असेल, तर पिंजरा ६० अधिक १२, म्हणजे ७२ सेंटिमीटर लांब हवा. उभे राहता, वळता आणि नीट आडवे होता आले पाहिजे.

पिंजरा निदान महिनाभर आधी घरात आणून ठेवा. दार उघडेच असू द्या. आत त्याची जुनी चादर घाला आणि जेवण तिथेच द्या. तो आपणहून आत जाऊन झोपू लागला, की दार पाच मिनिटे लावा. मग दहा, मग तासभर. रागावून कोंडलं तर सगळी मेहनत फुकट! जाताना तुमचा एखादा वापरलेला, न धुतलेला सदरा आत ठेवा. अंधारात मोत्याला तुम्ही दिसणार नाही, पण वास तर येईल.

ब्रिटनला जाणारे पाळीव प्राणी तुमच्या पायाशी बसून जात नाहीत. ते मालवाहतुकीतून, विमानाच्या पोटातून जातात. तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या डब्याएवढाच असतो आणि ऊबही ठेवतात. "झोपेची गोळी देऊ या," असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. औषधाच्या अमलाखाली आकाशात श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि तिथे जवळ डॉक्टर नसतो.

उतरल्यावर

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जनावरांचे स्वतंत्र स्वागत केंद्र आहे. ते रात्रंदिवस चालू असते. कुत्री, मांजरे, साप, मासे, सगळ्यांची पहिली हजेरी इथे! चिपचा नंबर आणि कागदावरचा नंबर ताडून बघतात. सगळे जुळले तर काही तासांत मोत्या तुमच्या ताब्यात. एखादा कागद चुकला, तर मुक्काम क्वारंटाइनमध्ये आणि खर्च तुमचा.

मग नव्या सवयी. तिथल्या भुयारी रेल्वेत कुत्र्याला तिकीट नाही, पण सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावे लागते. रस्त्यावर त्याने घाण केली तर ती तुम्हीच उचलायची. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं. अशा परक्या जागी एक गोष्ट तरी ओळखीची ठेवा. "बस", "ये", "शहाणा तो" हे त्याला मराठीतच सांगा.

आणि मिठू? आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणेच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, मग तो नेणार कसा? पण गंमत बघा, लंडनच्या रिचमंड पार्कात त्याचेच भाऊबंद मोकळे उडताना दिसतात!

न्यायचे की ठेवायचे?

हा प्रश्न घरात सगळ्यांनी बसून सोडवायचा. मोत्या फार म्हातारा असेल, हृदयाचा आजारी असेल, किंवा चपट्या नाकाचा पग असेल, तर त्याला प्रवासात श्वासाचा त्रास होऊ शकतो. असे कुत्रे बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. अशा वेळी "मला तो हवाच" म्हणून रडण्यापेक्षा, आजीच्या अंगणात तो सुखात राहील का, हे बघा. महिनाभर आधी त्याला तिथे नेऊन सवय लावा. त्याच्या खाण्याच्या वेळा, औषधे, डॉक्टरांचा फोन, सगळे एका वहीत लिहून द्या.

फक्त एक करू देऊ नका. सामान गाडीत चढते आणि कुत्रा फाटकापाशी सुटून राहतो, असे आपल्याकडे घडते. पाळलेल्या जनावराला असे टाकून जाणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या फाटकाकडे तो रोज बघत बसलाच असता.

म्हणून बदलीची बातमी आली, की पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारा, "आणि मोत्याचं काय?" त्याच दिवशी विचारा हं. कॅलेंडरात चार महिने शिल्लक असतील, तरच त्या प्रश्नाला चांगले उत्तर मिळते.