पास आपला, गाडी गावाची

राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना 1988 पासून चालू आहे. सुरुवातीला पास दहा दिवसांचा असे; आता तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एकदा पैसे भरले की त्या मुदतीत महामंडळाच्या, पासवर लिहिलेल्या दर्जाच्या कोणत्याही गाडीत कितीही वेळा चढता-उतरता येते. पाठीवर सॅक टाकून गडकोट, लेणी आणि कोकणकिनारा हिंडणाऱ्यांचा हा जुना आधार आहे. त्याचे नियम थोडे आहेत, पण ते न वाचताच पास खिशात घालणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

अशा पासची कल्पना जगभर आहे. ग्रेहाउंड कंपनीने अमेरिकेत परदेशी पाहुण्यांना 99 डॉलरमध्ये 99 दिवस बसप्रवास देऊ केला होता, आणि युरोपात रेल्वेचा युरेल पास 1959 पासून आहे. न्यूझीलंडमध्ये तर सॅकवाल्या तरुणांसाठी वेगळ्या बसच धावतात. तिथे एक मोठा फरक आहे. त्या बसमध्ये बसलेले सगळे प्रवासीच फिरायला निघालेले असतात, आणि पास असला तरी प्रत्येक टप्प्याची जागा आधी नोंदवावी लागते. एसटी फिरणाऱ्यांसाठी काढलेली नाही. ती बाजाराला, शाळेला, कोर्टाच्या तारखेला आणि दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी धावते. पासधारक तिच्यात मधेच येऊन बसतो. योजनेचे बहुतेक नियम, छापलेले आणि न छापलेले, या एका गोष्टीतून निघतात.

पास आगारातल्या किंवा बसस्थानकावरच्या पास खिडकीवर मिळतो. प्रवासाच्या दहा दिवस आधीपर्यंत तो काढून ठेवता येतो. ओळखपत्र लागते आणि ते प्रवासातही जवळ बाळगावे लागते, कारण पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. चार मित्रांनी दोन पास काढून आळीपाळीने वापरायचे, ही युक्ती दर सुट्टीत कुणाला तरी सुचते. तपासणी पथक गाडीत चढले की ती उघडी पडते, पास जप्त होतो आणि दुसऱ्याच्या पासवर बसलेला माणूस विनातिकीट ठरतो. विनातिकीट प्रवाशाकडून भाडे वसूल होतेच, वर त्या भाड्याच्या दुप्पट किंवा 100 रुपये यांपैकी जी रक्कम जास्त, ती दंड म्हणून घेतली जाते. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या 124 व्या कलमानुसार पास किंवा तिकिटाशिवाय प्रवास करणे हा गुन्हाच आहे.

सर्वांत जास्त घोटाळा मुदतीवरून होतो. दिवस चोवीस तासांचा धरला जातो, पण तो पास वापरायला घेतल्यापासून नव्हे, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे रात्री दहाला सुटणाऱ्या रातराणीने सुरुवात केली तर दोन तासांत पहिला दिवस संपतो आणि चार दिवसांच्या पासचे तीनच उरतात. जाणते लोक पहिल्या दिवशी पहाटेची पहिली गाडी धरतात आणि रात्रीचे लांबचे प्रवास मधल्या दिवसांत घालतात; त्यात मुक्कामाचा खर्चही वाचतो. शेवटच्या रात्री गाडीत असतानाच बारा वाजले, तर पुढच्या प्रवासाचे तिकीट घ्यावे लागते.

हा नियम अमलात येताना प्रस्तुत लेखकाने एका रात्रगाडीत पाहिला आहे. गाडी कोकणातून घाट चढत होती, आतले दिवे मालवले होते. वाहक मागच्या बाकावरच्या दोन कॉलेजकुमारांपाशी आला आणि म्हणाला, “पोरांनो, पास आज संपतोय. पुढचं तिकीट घ्या.” एक जण डोळे चोळत उठला. “पण साहेब, आम्ही बसलो तेव्हा चालू होता ना!” वाहकाने मशीनची कळ दाबता दाबता उत्तर दिले, “बसलात तेव्हा चालू होता. उतराल तेव्हा नसेल.” पोरांनी वाद घालायला सुरुवात केली, तेव्हा पुढून कुणा आजोबांचा आवाज आला, “घ्या रे तिकीट, झोपू द्या लोकांना.” तिकीट निघाले. नियम वाहकाच्या बाजूने होता आणि गाडीही.

पास परवडतो का, हे घरूनच बघून निघावे. सप्टेंबर 2025 मध्ये दर उतरले. साध्या आणि जलद गाड्यांचा प्रौढांचा चार दिवसांचा पास 1,814 रुपयांवरून 1,364 वर आला, सात दिवसांचा 3,171 वरून 2,382 वर. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना साधारण निम्मा दर पडतो. शिवशाही आणि ई-शिवाई या वरच्या दर्जाच्या गाड्यांचे पास वेगळे आणि महाग. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. ढोबळ हिशेब केला तर चार दिवसांचा पास वसूल व्हायला आठशे किलोमीटरच्या पुढे जावे लागते, म्हणजे दिवसाला दोनशे. सात दिवसांच्या पासचाही हिशेब तिथेच येतो. दिवसाला दोनशे किलोमीटर हे ऐकायला थोडे वाटते. पण घाटरस्त्यावरच्या साध्या गाडीने ते पाच-सहा तासांचे बैठे काम आहे, आणि उरलेल्या वेळात गड चढायचा असतो. एकाच तालुक्यात तीन किल्ले करणाऱ्याने पास काढू नये, सुटी तिकिटे घ्यावीत. पास शोभतो तो सोलापूरहून निघून कोल्हापूर, रत्नागिरी, महाड, नाशिक असा वळसा घालणाऱ्याला.

महिलांसाठी हा हिशेब पारच बदलला आहे. 17 मार्च 2023 पासून त्यांना एसटीत निम्मे तिकीट लागते. त्यामुळे चार दिवसांत सोळाशे किलोमीटर झाल्याशिवाय पास फायद्याचा होत नाही, आणि इतके बसून राहायला फिरणे म्हणत नाहीत. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवासच मोफत आहे. तेव्हा मिश्र गटाने सर्वांचे पास एकदम काढण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी.

दर्जाचा नियम सोपा आहे. वरच्या दर्जाच्या पासवर खालच्या गाडीत बसता येते, साध्या पासवर शिवशाहीत चढता येत नाही. मुंबई–पुणे मार्गावरची शिवनेरी या योजनेत येत नाही. विनावाहक गाडी असेल तर पास फलाटावरच, गाडीत चढण्याआधी दाखवावा. आत दाखवायला कुणी नसते. हद्दीचा नियम मात्र लोकांना चकवतो. पास महामंडळाच्या गाड्यांचा आहे, महाराष्ट्राच्या रस्त्यांचा नाही. पुण्यात पीएमपीच्या शहर बसमध्ये तो चालत नाही, आणि सिंहगडाच्या पायथ्याशी नेते ती पीएमपी. महामंडळाची गाडी पणजीला जाते, पण पणजीहून मडगावला नेणारी गोव्याच्या कदंब महामंडळाची बस वेगळी, तिचे तिकीट वेगळे. कोल्हापूरच्या स्टँडवर कर्नाटकाच्या गाड्याही उभ्या असतात. लाल रंग पाहून चढणाऱ्याने आधी पाटी वाचावी. परराज्यात जायचे असेल तर पास घेतानाच तो त्या मार्गावर चालतो का, ते खिडकीवर विचारून घ्यावे.

पासमुळे प्रवास मिळतो, बाक मिळत नाही. जागा हवी असेल तर आरक्षणाचा आकार वेगळा भरून ती नोंदवावी. लांब पल्ल्याला आणि सुट्टीच्या दिवसांत हे थोडे पैसे सत्कारणी लागतात. नोंदणी नसेल तर आरक्षणवाला प्रवासी मधल्या थांब्यावर चढताच उठावे लागते, आणि खिडकीवर महिला, ज्येष्ठ नागरिक, अपंग असे लिहिलेले असेल तर त्या बाकांचे हक्कदार ठरलेलेच असतात. “आम्ही साडेतेराशे रुपये भरलेत” हे वाक्य एसटीत हमखास ऐकू येते आणि त्याचा उपयोग शून्य असतो.

तालुक्याहून गडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या दुपारच्या गाडीत जागेचा हा प्रश्न खरा कळतो. या गाड्यांत पासवाले इतरही असतात. पाचवी ते बारावीच्या गावाकडच्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेला जातात, कॉलेजच्या मुलांचे सवलतीचे मासिक पास असतात. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे घरी जायची एकमेव सोय. अशा गाडीत सहलीच्या गटाने खिडकीतून सॅक फेकून जागा धरल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत एसटीत जुनीच, पण रुमालाला दोन बाक लागत नाहीत. दोन सॅक खिडकीशी, त्यांचे मालक शेजारी, आणि दप्तरे छातीशी धरून मुली उभ्या. वाहक तिकिटे फाडत तिथवर पोहोचला आणि विचारले, “ह्या दोघींचे पास कुठंयत?” गटाला कळेना कोणत्या दोघी. त्याने सॅककडे बोट केले. गाडीत हशा पिकला, सॅक मागच्या बाकाखाली गेल्या आणि दोन बाकांवर चार मुली बसल्या.

सामानाची मर्यादा प्रौढ पासधारकाला 30 किलो आणि मुलांना 15 किलो आहे. भटकणाऱ्याची सॅक एरवी त्याच्या निम्मीही भरत नाही, त्यामुळे वजनापेक्षा ती ठेवायची कुठे हाच प्रश्न असतो. डिकी असेल तर डिकीत, नसेल तर मागे. मधल्या वाटेत नको, कारण अंधारात उतरणारा तिला अडखळतो. सॅकमध्ये काय आहे, हेही महत्त्वाचे. ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेता येत नाहीत, आणि डोंगरावर चहा करायला नेलेल्या छोट्या शेगडीचे गॅसचे डबडे त्यातच मोडते. सामान हरवले तर महामंडळ जबाबदारी घेत नाही. मौल्यवान वस्तू आणि पास दोन्ही अंगाशी ठेवावीत.

पास हरवला की विषय संपला. दुसरी प्रत मिळत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. सॅकच्या वरच्या कप्प्यात पावसात भिजून लगदा झालेला पास हरवल्यासारखाच, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. आजारपण, बदललेला बेत, चुकलेली गाडी यांची भरपाई नाही. कर्मचाऱ्यांच्या संपाने गाड्याच बंद पडल्या, तर मात्र न वापरलेल्या दिवसांसाठी दाद मागता येते. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळातला लांबलेला संप आठवणाऱ्यांना ही तरतूद कागदावरची वाटणार नाही. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट दरडींच्या भीतीने पावसाळ्यात वाहतुकीला बंद करतात, मग गाडी दुसऱ्या वाटेने जाते किंवा रद्द होते. अशा वेळी पासधारकाने आपली वाट बदलावी. महाडला जाणारा महाबळेश्वर–पोलादपूर या आंबेनळी घाटाच्या मार्गाचाही विचार करू शकतो, तो खुला असेल तर.

राहिली मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी आणि भल्या पहाटे तालुक्याला परतणारी ही गाडी पाठीवर सॅक असलेल्या माणसाला देवासारखी. तिचे वेळापत्रक भ्रमणध्वनीवर शोधून फारसे हाती लागत नाही. ते चौकशीच्या खिडकीवर, नाहीतर चालक-वाहकालाच विचारावे. ते दोघे त्या गावात देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपतात आणि गाडी कधी सुटेल ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पहाटे ती वेळेवरच निघते, गडावर सूर्योदय पाहत बसलेल्यांसाठी थांबत नाही. थांबावी, अशी अपेक्षाही धरू नये. तिच्यात दुधाच्या किटल्या आणि आठच्या शाळेची पोरे असतात.

गाडीत सिगारेट ओढायला बंदी आहे. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावू नयेत, गडावरून आणलेला चिखल बाकावर पुसू नये, रिकाम्या बाटल्या खिडकीबाहेर टाकू नयेत. हे सांगावे लागू नये, पण लागते. काही तक्रार असेल तर वाहकाशी हुज्जत न घालता स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाकडे ती लेखी नोंदवावी. गाडीचा क्रमांक, तारीख आणि मार्ग लिहिला असेल तरच तिचा माग लागतो. पासचे दर बदलत असतात, म्हणून पैसे मोजण्याआधी खिडकीवरचा फलक वाचावा आणि पास हातात आल्यावर नाव, दर्जा, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख तिथेच, खिडकीसमोर उभे राहून तपासावी.