डोक्यावरचा ढिगारा

अ‍ॅबरव्हॅन हे दक्षिण वेल्समधले, टॅफ नदीकाठचे गाव. १८६९ साली शेजारी मर्थर व्हेल खाणीचे खोदकाम सुरू होईपर्यंत तिथे गाव म्हणावे असे काही नव्हते. खाण आली आणि तिच्यामागून घरांच्या रांगा, चॅपेले, दुकाने आली. पण कोळशाबरोबर खडक, माती आणि बारीक गाळही वर येतो. विकला जाणारा माल रेल्वेने बाहेर गेला. न विकला जाणारा गावापाशीच राहिला. दरी अरुंद, म्हणून तो डोंगरउतारावर, गावाच्या थेट डोक्यावर टाकला जाई. असे सात ढिगारे झाले. सातवा १९५८ मध्ये सुरू झाला, तोही झऱ्यांवर. हे झरे काही गुपित नव्हते; नकाशांत ते दाखवलेले होते. १९६३ मध्ये स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागच्या या गाळाच्या धोक्याबद्दल लेखी कळवले. पत्रे फायलीत गेली, ढिगारा वाढत राहिला.

२१ ऑक्टोबर १९६६ हा सत्रातल्या सुटीआधीचा शेवटचा दिवस होता. कित्येक आठवड्यांचा पाऊस मुरलेला तो ढिगारा सकाळी सव्वानऊच्या सुमारास घसरला. दरीत धुके होते. खालच्यांना आधी ऐकू आला तो नुसता आवाज. पँटग्लास शाळेत वर्ग नुकते भरले होते. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. खाणकामगार धावत आले. माती उपसणे हा त्यांचा रोजचाच धंदा. त्या दिवशी मात्र खाली आपलीच मुले होती.

एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये दोष खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. शिक्षा कोणालाच झाली नाही. एवढेच नव्हे, उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चापैकी १,५०,००० पौंड लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतून घेतले गेले. १९९७ मध्ये ती रक्कम परत मिळाली, बिनव्याजी. तीस वर्षांत पौंड किती घसरला, हे कोणत्याही वाण्याने सांगितले असते. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी २० लाख पौंड दिले.

दरम्यान गावात स्त्रियांनी आपले मंडळ काढले, पुरुषांचा गायकवृंद जमला. दोन्ही त्या दुर्घटनेनंतरचे. शाळेच्या जागी बाग झाली, वर दफनभूमीत पांढऱ्या कमानींच्या रांगा उभ्या राहिल्या. खाण १९८९ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आता घरे आहेत.