तिकिटावरचं गाव

मंगफहून सुट्टीला निघालं, की तिकिटावर अजूनही 'बीओएम'च असतं. बॉम्बेची मुंबई १९९५ मध्ये झाली. विमानतळाला छत्रपती शिवाजींचं नाव १९९९ मध्ये मिळालं, 'महाराज' २०१८ मध्ये जोडलं गेलं. सासूबाई मात्र फोनवर 'सहारला उतरलात का?' असंच विचारतात. सहार हे तिथलं मूळ गाव.

नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा शेतकऱ्यांसाठी लढले दि. बा. पाटील. त्यांच्या नावासाठी २०२१ मध्ये भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. ते नाव हवंच. पण त्या दहा गावांची नावंही आपल्या मुलांना ठाऊक असावीत. तिथे आपलं विमान त्यांच्याच शेतांवर उतरणार आहे.