नेवाशाचा ग्रुप शो

वीकएन्ड म्हणजे लोणावळा, अलिबाग नाहीतर महाबळेश्वर, हेच समीकरण आहे ना तुमचं? मग या वेळी गाडी नगर रोडला घाला. अहिल्यानगर सोडलं की संभाजीनगर हायवेवर साधारण तासाभराने नेवासा फाटा येतो. बहुतेक गाड्या त्याआधीच शनिशिंगणापूरला वळतात, नाहीतर सरळ वेरूळ गाठतात. आपण मात्र गावात शिरायचं.

इथे पैस खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा. पुढे मोहिनीराजाचं देखणं मंदिर आणि खाली प्रवरा. एवढं झालं की लोक परत फिरतात. मी मात्र नदीकाठच्या लाडमोड टेकाडाकडे गेलो.

१९५४ ते ५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या टीमने इथे खोदकाम केलं. काय काय निघालं! अश्मयुगातली हत्यारं, लाल मडक्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी, अगदी रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. हजारो वर्षांच्या कारागिरांचा ग्रुप शोच म्हणा ना, देशी-विदेशी एकत्र! फक्त हा ठेवा बघायचा तर पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये जावं लागतं.

चहाच्या टपरीवर एटीडी करणारा एक मुलगा भेटला. म्हणाला, "आमच्या गावचं बघायला पुण्याला जायचं, आन् आमचं दाखवायला मुंबईला!" हसत म्हणाला, पण मला काही हसू येईना.

कारण गोष्ट जुनीच आहे. १९४९ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन भरलं. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, विदर्भातले गाडे... पण नाव व्हायचं तर मुंबईत, नाहीतर थेट परदेशात. सूझा आणि बाकरे लंडनला गेले, रझा पॅरिसला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत या मंडळींवर मोठं प्रदर्शन झालं. सदानंद बाकरे मात्र १९७५ मध्ये परतले, कोकणात मुरुडला राहिले आणि २००७ साली गेले. मुरुडच्या बीचवर जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

घरी परतणं चित्रांनाही जमतं बरं का. चिलीत १९७१ पासून जगभरच्या चित्रकारांनी एका म्युझियमसाठी आपली कामं फुकट दिली. १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि म्युझियमचा गाशा गुंडाळला गेला. पण परदेशात पांगलेल्या मंडळींनी हट्ट सोडला नाही. देशोदेशी नवी चित्रं जमवली, प्रदर्शनं भरवली. लोकशाही आल्यावर, १९९१ मध्ये, हा ठेवा सँटियागोत दाखल झाला.

मग नेवाशाची चार मडकी आठवडाभर माहेरी का येऊ नयेत? शेजारी एटीडीच्या पोरांची चित्रं लावा. प्रदर्शन बघायला अख्खा तालुका लोटेल!

तोवर आपण एवढं तरी करूया. आधी डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघा. परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढा. मग नेवाशाला जा आणि चहाच्या टपरीवर ते फोटो दाखवा. गावकऱ्यांना त्यांचंच गाव दाखवायची गंमत काही औरच!