गियरचा दांडा

मोटारीच्या सर्व अवयवांत चालकाच्या तळहाताशी ज्याचे खरे संभाषण चालते असा अवयव म्हणजे गियरचा दांडा. चढ किती उरला आहे, भार किती आहे आणि इंजिन कोठवर दम धरील, याची वर्दी प्रथम त्याच्याकडूनच मिळते, असे माझे फार जुने मत आहे. ते बनले फोंडाघाटात. मालवण तालुका अद्याप रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता त्या काळी कोल्हापूरच्या एस. टी.त मी ड्रायव्हरच्या पाठीमागचीच जागा हट्टाने धरीत असे, कारण त्या गाड्यांच्या पेटीत चाकांचे वेग आपोआप जुळवून घेण्याची सोय नसल्यामुळे त्या गृहस्थांना क्लच दोनदा दाबून, मध्यंतरी इंजिनाचा वेग अजमासाने वाढवून, मग तो लांबलचक दांडा खालच्या गियरात उतरवावा लागे, आणि हे सर्व ते तोंडातल्या पानाला धक्का न लावता करीत. पुढे घरी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आली. तिचा दांडा सुकाणूला बिलगलेला. काम चोख, पण स्वभाव कारकुनी, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

ज्या दांड्यापायी हा लेख, तो माझ्या दोन दारांच्या हेरल्डचा. तुरिनच्या मिकेलोत्ती यांनी रूप दिलेली ही मोटार इंग्लंडात 1959 साली अवतरली आणि 1961पासून मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनू लागली. 948 सी.सी.च्या त्या इंजिनाला स्पोर्ट्‌स मोटार म्हणण्याचे धाडस कोणते, असे आमचे शेजारी विचारतात. त्यांना मी सांगतो, की याच सांगाड्याची लांबी तोडून 1962 साली ट्रायम्फने स्पिटफायर काढली, तेव्हा पाठच्या बहिणीला जो मान मिळाला तो थोरलीने का सोडावा? कोल्हापूरच्या एका वकिलांकडून ती मी घेतली, मूठ झिजली होती ती टाकून सावंतवाडीच्या कारागिराकडून लाखकामाची तांबडी मूठ कातून घेतली, आणि दीर्घकाळ आमचे निर्वेध चालले.

मग एका पावसाळ्याअखेर दांडा भरकटू लागला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जावे तो पहिल्याच्या दारावर धडक मारी, आणि न्यूट्रलमध्ये मूठ वाटेल तिकडे झुले. गावातील एका मिस्त्रीने गाडी पुरती न पाहताच 'पेटी खोलूक व्हयी' असा निकाल दिला. आपल्याकडे रोगाचा पत्ता लागण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख ठरते, याची मला मनस्वी चीड आहे. वस्तुतः दांडा स्वतःच पुरेशी जबानी देत होता. इंजिन बंद असतानाही गियर तसाच चुकत होता, सबब क्लच निर्दोष. एकदा पडलेला गियर उतारावरही सुटत नव्हता, सबब पेटीतील दाते, काटे आणि स्प्रिंगा यांच्यावर तूर्त आरोप ठेवण्यास आधार नव्हता. उरली ती हात आणि पेटी यांच्या दरम्यानची साखळी. उभी हयात मामलेदार कचेरीत काढल्यामुळे मला हे निदान अपरिचित नव्हते: हुकूम बिनचूक सुटतो, गावही हजर असतो, आणि तरी अंमल होत नाही, तेव्हा दोष बहुधा मधल्या एखाद्या टेबलावर सापडतो.

हेरल्डमध्ये हे टेबल पाहणे सोपे आहे. आसने काढली, गालिचा गुंडाळला आणि मधले पुठ्ठ्याचे झाकण उचलले, की पेटीचा माथा आणि तिच्यापासून मागे दांड्यापर्यंत आलेला जोडदांडा बसल्या जागी दिसतो. भाच्याला मूठ हलविण्यास सांगून मी ओणवा राहिलो. दांड्याचे खालचे टोक चांगले हलले, जोडदांडा विचार करीत राहिला, आणि पुढचा सांधा त्याहून उशिरा जागा झाला. खाऱ्या दमट हवेने तेथील पिन गंजून खरबरीत झाली होती आणि तिने नायलॉनचे बुश कानशीसारखे खाऊन लंबगोल केले होते.

सुटे भाग मिळण्याचे दिवस सरलेले. म्हणून बंदराजवळ ट्रॉलरांची कामे करणाऱ्या एका वृद्ध लेथवाल्याकडे ऐवज घेऊन गेलो. बुश हातात घेताच ते म्हणाले, "काकांनू, पेटीक कायएक जावक नाय. ह्योच खाल्लेलो आसा." पितळेचे करा, म्हणजे कायमची ददात मिटेल, असे मी सुचविले. त्यांनी मान हलविली. पितळ टिकते, परंतु पेटीची सारी थरथर मुठीत आणून सोडते आणि लवकरच खडखडू लागते. नायलॉनच घ्यायचे, पण ते पावसाळ्यात हवेतले पाणी पिऊन फुगते, हे होडीच्या शाफ्टांवरून त्यांना ठाऊक असल्यामुळे छिद्र त्यांनी पिनेच्या मापाहून केसभर सैल ठेवले. पिनही नवी कातली, ग्रीस भरले, आणि पिनेचा खर्च तेवढा घेतला.

कसालच्या रस्त्यावर, चढ लागताच, तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडा असा उतरला की भाच्याने मान वळवूनही पाहिले नाही, आणि याहून मोठे प्रशस्तिपत्र मला नको होते. पहिल्या गियरला हेरल्डमध्ये मुळातच वेग जुळविण्याची सोय नाही. तेथे मात्र अजून फोंडाघाटची रीत पाळावी लागते, आणि मी ती हौसेने पाळतो. लेथवाल्यांनी बुशांचा एक जादा जोड कातला होता, तो कोल्हापूरच्या वकिलांना पाठविला, कारण त्यांच्याकडे दुसरी हेरल्ड आहे. त्यांचे उत्तर आले आहे: बुश उत्तम बसले, फक्त रिव्हर्स जड जातो, तरी त्याविषयी आपल्या कारागिरांचे म्हणणे काय ते कळवावे. उद्या विचारायला जाणार आहे.